देवळावरचे एकेचाळीस सेकंद

स्टेअरिंग थांबून बराच वेळ झाला होता, तरी परीक्षेच्या खोलीत अजून कोणी जागचे हलले नव्हते. समोरच्या अर्धगोल पडद्यावर पाणी होते तसेच गोठून उभे होते. उजव्या कडेला खडकाचा काळा सुळका, आणि सुळक्याच्या वर कोणाच्याच दुःखाशी देणेघेणे नसलेले दुपारचे आकाश. आसन डाव्या अंगाला कललेले राहिले होते. त्यावर कांचन धनावडे तशीच कलून बसली होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून. काचेपलीकडे परीक्षक रेवती पाटणकर टोपण न लावलेले पेन नुसते हातात धरून होत्या.

शेवटी त्यांनीच विचारले, घंटा ऐकू आली होती का. कांचनने मान हलवली, आली होती. घंटा झाली की उमेदवाराने बोट आपल्या ताब्यात घ्यायची असते, हे ठाऊक होते का. तेही ठाऊक होते.

"मग घेतली का नाहीत?"

"स्टेअरिंगवर हात होता ना," कांचन म्हणाली. "आमच्या मालकांचा."

पाटणकरबाईंनी समोरच्या कागदांकडे पाहिले. कागदांवर क्रमांक होता, वाऱ्याचा वेग होता, पाण्याची पातळी होती, नाव नव्हते. नावे आणि तारखा काढून टाकूनच अपघात परीक्षेत वापरावेत असा नियम होता आणि तो काटेकोरपणे पाळला जाई. त्या सौम्यपणे म्हणाल्या की असा भास पुष्कळ उमेदवारांना होतो.

"उजव्या हाताची करंगळी टेकत नव्हती, मॅडम. दहा वर्षांचे असताना वल्ह्याखाली चेंगरली होती, तेव्हापासून ताठच राहिली. तेरा वर्षं त्या हातात मी ताट दिलंय."

कागदांवर नसलेले नाव आता खोलीत होते.

जुने बोरजे पाण्याखाली गेले त्याला ऐंशी वर्षे होत आली होती. धरण भरू लागले तेव्हा लोकांनी दारे-खिडक्या काढल्या, तुळया उतरवल्या, जात्याच्या पाळ्या डोक्यावर घेऊन डोंगर चढले आणि वरच्या सपाटीवर नवे बोरजे मांडले. देवळातला तांदळा, म्हणजे कुंबळजाईचा तो कोणीही न घडवलेला गोल पाषाण, तेवढा हलला नाही. तीन वेळा कौल लावला आणि तिन्ही वेळा डावीच, म्हणजे नकाराची, पाकळी पडली. देवीला यायचे नव्हते. ती खालीच राहिली आणि पाणी तिच्यावरून वर वर चढत गेले.

दोन डोंगरसोंडांच्या मधल्या ज्या अरुंद गळ्यातून पलीकडच्या मोठ्या पाण्यात जाता येते, नेमके त्याच गळ्याच्या तळाशी ते देऊळ आहे. म्हणून बोरज्याच्या नावाड्यांनी एक रीत धरली. गळा आला की मशीन बंद करायचे. आधीच्या वेगाने आणि एखाद्या वल्ह्याच्या आधाराने बोट पलीकडे तरंगत न्यायची, आणि देऊळ मागे पडले की मगच मशीन पुन्हा सुरू करायचे. निजलेल्या देवीच्या माथ्यावर पंखा फिरू नये, एवढाच त्यातला भाव. सहलीला आलेल्या शहरी माणसांनाही ते आवडे. अचानक आवाज थांबला की तीही आपोआप गप्प होत, आणि चाळीसेक सेकंद साऱ्या बोटीला देऊळपण येई.

ही रीत ज्यांच्या तोंडी वेदासारखी होती ते कांचनचे सासरे, भिकूआण्णा. गुरवकी त्यांच्या घराण्यातली. पण देऊळ पाण्यात गेल्यामुळे त्यांच्या वाट्याला पूजेऐवजी नाव आली. जुने बोरजे त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. वडिलांनी सांगितलेले गाव मात्र त्यांच्यात इतके स्पष्ट होते की, वर पाण्यातून जाताना ते खालच्या उंबऱ्यांची नावे घेत. मुलाला, हणमंतला, त्यांनी पोहण्याआधी ती नावे शिकवली.

पावणेतीन वर्षांपूर्वी, वैशाखातल्या एका दुपारी, हणमंत त्या गळ्यात मेला. पाणी तेव्हा आटले होते, सोंडांचे सुळके उघडे पडले होते. दरीतून वाऱ्याचा लोट आला, बोट फिरून सुळक्यावर आदळू लागली, तेव्हा तो वल्हे घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाकडे धावला आणि बोट नि खडक यांच्यामध्ये सापडला. सहा प्रवासी होते. सहाही जण वाचले. त्यांनी सांगितले ते सगळ्यांचे एकच होते: आदळताना मशीन मोठ्याने गर्जत होते; त्याआधीचे कोणालाच धड आठवत नव्हते. चौकशीचा अहवाल आला त्यात एकच ओळ महत्त्वाची होती: चालकाच्या निर्णयातील दोष.

आण्णांनी त्या ओळीचा अर्थ आपल्या परीने लावला, आणि गावानेही तोच लावला. मशीन चालू होते. देवळावर मशीन चालू होते. त्यानंतर त्यांनी मुलाचे नाव घेणे सोडले. बोलायची वेळ आलीच तर 'तो' म्हणत. वर्षश्राद्धाच्या दिवशी ते पानाजवळ बसले नाहीत, पाण्याकडे पाठ करून ओट्यावर बसून राहिले. कांचनने त्यांना दोष दिला नाही. तिच्याही मनात एक राग होता, त्याला कारण होते, आणि त्या रागाला टेकूनच ती इतके दिवस उभी होती.

कारण त्या सकाळी बापलेकांत जे झाले ते तिच्यासमोर झाले होते.

पाण्याबाहेर तीन वर्षे राहिलेल्या बोटीचे नाव नोंदवहीतून जाते. धनावड्यांची बोट किनाऱ्यावर पालथी पडली होती, तिच्याखाली कोंबड्या निजत होत्या, आणि तीन वर्षे भरायला तीन महिने उरले होते. तेवढ्यासाठी कांचन तालुक्याच्या गावी परीक्षेला आली होती.

परीक्षा पूर्वीसारखी राहिली नव्हती. पूर्वी नियमांचा एक पेपर असे आणि धक्क्याला बोट लावून दाखवायची असे, की प्रमाणपत्र हातात. आता तेवढी फक्त सुरुवात होती. कांचनने पेपर दिला: समोरून बोट आली तर दोघांनी उजवीकडे वळावे, उजव्या हाताने येणाऱ्या बोटीला आधी वाट द्यावी, पाण्यात माणूस पडला तर पंखा त्याच्यापासून दूर न्यावा. पाण्यात टाकलेला गोणपाटाचा माणूस तिने पहिल्याच फेरीत उचलला, तेव्हा प्रशिक्षक चेष्टेने म्हणाले होते की धनावडेबाई, हा बुडायच्या आधीच वाचला. त्या दिवशी ती हसलीही होती.

उरला होता तो पुनःप्रवास.

अपघात वाढले तेव्हा सहलीच्या प्रत्येक मोटरबोटीत एक मोहोरबंद पेटी बसवण्याचा कायदा झाला होता. ती पेटी सेकंदाला वीस वेळा टिपून ठेवते: बोटीचा कल, वेग, मशीनचे फेरे, आणि चालकाचा हात. स्टेअरिंगच्या आणि वेग कमीजास्त करणाऱ्या रेसच्या दांडीच्या आवरणाखाली तांदळाच्या कणीएवढे शेकडो दाबमापक असतात. कोणते बोट किती दाबले, कधी सैल झाले, हे त्यांना कळते. डोंगरमाथ्यांवरचे वारामापक वाऱ्याची नोंद ठेवतात. ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढलेला असतो. हे सारे एकत्र गणितात घातले की होऊन गेलेले एखादे मिनिट जसेच्या तसे पुन्हा उभे करता येते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की ते मिनिट वाकवताही येते. उमेदवाराने वेगळे वळण घेतले तर गणित पाणी नव्याने मांडते, वाऱ्याला नवी कड देते, आणि जे घडले त्याच्या शेजारी जे घडू शकले असते ते उभे राहते.

पहिली नव्वद सेकंदे मूळ चालकाचा हातच बोट चालवतो. स्टेअरिंगच्या आतल्या बारीक मोटरी त्याचा दाब उमेदवाराच्या तळव्यावर उमटवतात. त्याची पकड, त्याचा कंप, वळणाआधी दम धरण्याची त्याची रीत. मग घंटा होते आणि बोट उमेदवाराच्या हवाली होते. पण तो हात लगेच सोडत नाही. घाबरलेल्या किंवा चुकलेल्या माणसाकडून नाव काढून घ्यावी लागते, तेव्हा ती ओढूनच घ्यावी लागते; म्हणून यंत्र त्या हाताचा जोर तसाच ठेवते, आणि उमेदवाराने त्यावर मात केली तरच ताबा बदलतो. यंत्राला माणूस ठाऊक नसतो, त्याचा हात तेवढा ठाऊक असतो. प्रमाणपत्र ज्या पाण्याचे, अपघात त्याच पाण्यावरचा. बोरज्याच्या पाण्यावर असे तीन नोंदलेले होते आणि त्यांतला कोणता येईल हे परीक्षकालाही आधी कळत नसे.

त्या सकाळी ती घरून निघताना आण्णा ओट्यावर बसले होते. पेटीत सगळे असते, हे गावात आता पोरासोरांनाही माहीत झाले होते. कांचनने चपला घातल्या तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले होते, "तिथं त्याचं दिसलं, तर बघून ये."

दिसले नव्हते. पडद्यावर फक्त पाणी होते. पण पहिल्याच सेकंदाला तिच्या उजव्या तळव्याखाली चार बोटे टेकली आणि पाचवे टेकले नाही, आणि कांचनला आपण कुठे बसलो आहोत याचे भान उरले नाही. तो हात किती निवांत होता. सोंडेला वळसा घालताना तो नेहमी करी तसेच त्याने स्टेअरिंग थोडे जास्त फिरवून हलकेच परत सोडले. पावणेतीन वर्षांत त्या घरात तिला कोणी असे धरले नव्हते. घंटा झाली, तिला ऐकू आली. पण घंटा म्हणजे हा हात ढकलणे, आणि ती ढकलू शकली नाही.

म्हणून तिला पुढचे सारे कळले. गळ्याच्या तोंडाशी रेसची दांडी निम्मी मागे आली. थांबली. पुन्हा पुढे गेली. मग परत निम्मी मागे. चार सेकंद असे चालले होते, आणि मग दांडी एकदम, एखाद्याने मान खाली घालावी तशी, पूर्ण मागे आली.

मशीन बंद झाले.

बोट देवळावर तरंगू लागली. उजवीकडून वारा आला तो प्रथम नुसता स्पर्शासारखा आला. हाताची पकड घट्ट झाली, पण मशीन सुरू झाले नाही. हात वाट पाहत होता, देऊळ मागे पडण्याची वाट. लोट आला. बोट आडवी फिरली. तेव्हा कुठे मशीन गर्जले, पंखा पाणी कापू लागला, आणि सुळका उजव्या बाजूला एवढा मोठा झाला की पडद्यात मावेना. मग स्टेअरिंगवरची चार बोटे उचलली गेली. तो धावला होता. तिच्या तळव्याखाली फक्त आवरण उरले, थंड, कोणाचेच नसलेले.

पाटणकरबाई आत आल्या, कलते आसन त्यांनी सरळ केले आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. नियम त्यांनी सांगितले, पण सांगताना त्या नियमांच्या बाजूने नव्हत्या. तीन संधी असतात. अपघात बदलता येत नाही. सहा महिन्यांनी नव्याने अर्ज करता येईल. किंवा दुसऱ्या एखाद्या तलावासाठी परीक्षा देता येईल, तिथले पाणी सोपे आहे.

"तिथं मी काय करू, मॅडम? माझी बोट बोरज्यात आहे."

"मग आज तरी घरी जा. उद्या या."

"उद्या आले तरी हात तोच असेल ना," कांचन म्हणाली. "दुपारनंतर लावा."

कार्यालयाच्या मागे शिरीषाचे एक झाड होते. त्याच्या पाराशी बसून तिने डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

अपघाताच्या सकाळी हणमंत अंगणातून डोंगराकडे बघत म्हणाला होता की आज वाऱ्याचे लक्षण बरे नाही, पाणीही खाली गेले आहे, आज देवळावर मशीन बंद करणार नाही. आण्णा आधी हसले, मग समजावू लागले, मग त्यांचा आवाज चढला. त्यांच्या वडिलांनी कसल्या वाऱ्यात नाव काढली होती, ते सांगून झाले. हणमंत एवढेच म्हणत राहिला की आण्णा, माझ्या मागं सहा जीव बसलेले असतात. शेवटी आण्णा उठले आणि म्हणाले, "तिच्या माथ्यावरनं पंखा फिरवलास, तर माजं तोंड बघू नगंस." ते शेवटचेच ठरले, म्हणून कांचनला ते स्वरासकट आठवत होते.

पण त्यानंतरही एक वाक्य झाले होते. ते तिचे होते. पाण्याची बाटली घेऊन ती धक्क्यापर्यंत गेली होती. हणमंतचा चेहरा उतरलेला होता आणि त्या घरात संध्याकाळी दोघांच्या मध्ये बसून जेवण वाढायचे तिलाच होते. ती म्हणाली होती, "अहो, एवढं ऐका त्यांचं. चाळीस सेकंदांचा तर प्रश्न आहे."

 त्याने बाटली घेतली होती, ताठ करंगळीने तिच्या मनगटाला सहज शिवून.

एवढे दिवस तिला वाटत होते, त्याने ऐकले नाही. बापाचे नाही आणि आपलेही नाही. तो हट्टाने गेला, या रागात एक प्रकारचा आसरा होता. त्या आसऱ्याला भिंती होत्या. आता तिला कळले होते की दांडी निम्मी मागे आणि पुन्हा पुढे का होत होती. त्या चार सेकंदांत तो कोणाचा आवाज ऐकत होता हे पेटीला नोंदता आले नव्हते. ते नोंदायला या जगात एकच माणूस उरले होते, आणि ते शिरीषाच्या पाराशी बंद डबा मांडीवर घेऊन बसले होते.

दुपारी तीनला यंत्र पुन्हा सुरू झाले.

तीच सोंड, तोच वळसा. चार बोटे टेकली. तिने ती नव्वद सेकंदे मोजली नाहीत. नुसती घेतली, तहानेल्याने ओंजळ घ्यावी तशी. वळशानंतर स्टेअरिंग हलकेच परत सुटले तेव्हा तिनेही आपला हात त्याच्याबरोबर सोडला, आणि क्षणभर दोघे मिळून बोट चालवत होते.

घंटा झाली.

तिने उजवीकडे जोर लावला. हात हलला नाही. तो त्याच्या सवयीने गळ्याच्या मधोमध चालला होता, रीतीच्या वाटेने. तिने खांद्यातून जोर लावला. लग्नाच्या तेरा वर्षांत तिने त्याचा हात असा कधी ढकलला नव्हता. दुखऱ्या करंगळीला लागेल म्हणून झोपेतसुद्धा जपला होता. रेसची दांडी मागे येऊ लागली. निम्मी. तिने तळवा आडवा घातला. दांडी पुढे गेली, पुन्हा मागे आली, आणि त्या येण्यात तिने आपलेच वाक्य ओळखले. ओठ न हलवता ती म्हणाली, नका ऐकू माझं. नका ऐकू कोणाचंच.

दोन्ही हातांनी तिने दांडी पुढे लोटली. काहीतरी सुटले. स्टेअरिंग एकाएकी हलके, आज्ञाधारक, परके झाले. तो निघून गेला होता, आणि या वेळी तिने त्याला घालवले होते.

पुढचे सोपे होते. म्हणूनच ते सोसवत नव्हते. चालत्या मशीनवर तिने बोटीचे तोंड थोडे वाऱ्याकडे धरले. लोट आला, बोट डचमळली, पंख्याने पाणी धरून ठेवले, सुळका डाव्या-उजव्या कुठल्याच अंगाला न लागता मागे गेला. पलीकडे मोठे पाणी उघडले, ऊन पडलेले. पडद्यावर अक्षरे आली.

प्रवासी सहा. चालक एक. सुरक्षित सात.

कांचन त्या शेवटच्या आकड्याकडे बघत राहिली. पाटणकरबाईंनी तो पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

प्रमाणपत्रावर अंगठ्याचा ठसा घेतला गेला. परीक्षेत पाहिलेल्या अपघाताविषयी बाहेर बोलणार नाही, अशा एका कागदावर सही झाली. बोट चालू असताना प्रवासी घेऊन मशीन बंद केले तर पेटी ते कळवेल आणि प्रमाणपत्र रद्द होईल, हेही पाटणकरबाईंनी वाचून दाखवले. निघताना कांचनने दाराशी थांबून विचारले की मशीन बंद केल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत वेळ किती गेला होता.

बाईंनी कागद न बघता सांगितले, त्यांना तो पाठ झाला होता. "एकेचाळीस सेकंद."

बोट पाण्यात उतरली ती आठ दिवसांनी, एका निवळ सकाळी. पेटी बसवून झाली होती. सहा लाइफ जॅकेटे बाकांवर मांडलेली होती, सातवे कांचनच्या अंगावर होते. बोरज्याच्या नावाड्यांनी ते कधी घातले नव्हते. पहिली फेरी मोकळी न्यायची, पलीकडच्या धक्क्यावर सहलीची माणसे वाट बघत होती.

आण्णा न सांगता आले. धुतलेले धोतर, खांद्यावर उपरणे, हातात शेंडीचा नारळ. तिने पुढे केलेले आठवे सुटे जॅकेट त्यांनी कुरकुर न करता चढवले आणि ते पुढच्या टोकाशी जाऊन बसले. इतक्या दिवसांत तिने त्यांना काही सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. सोंडेचा वळसा आला तेव्हा ते स्वतःच बोलू लागले, पाण्याकडे बघत.

कौल मागितला होता म्हणाले. देवीपुढे नाही, तिला आता कुठे गाठणार, घरच्या देव्हाऱ्यापुढेच. उजवी पाकळी पडली. "त्याची चूक पोटात घाल म्हणून सांगितलंय तिला. हा नारळ त्याच्या नावानं सोडायचा, देवळावर. माज्या मनातनं मी त्याला मोकळं केलंय, पोरी. पोरगं हट्टी व्हतं. पण माजंच व्हतं."

कांचनच्या हातात स्टेअरिंग होते. तिने ते वळशानंतर थोडे जास्त फिरवून हलकेच परत सोडले, आणि आपण असे का केले हे तिला करून झाल्यावर समजले.

गळा जवळ आला. पाण्यावर दोन्ही सोंडांच्या सावल्या एकमेकींना भिडल्या होत्या. वारा नव्हता. आण्णांनी उपरणे डोक्यावर घेतले, नारळ दोन्ही हातांत धरला, आणि मागे न वळता एक हात वर केला. पन्नास वर्षे याच हाताने ते मशीन बंद करायची खूण करत आले होते.

मशीन बंद झाले नाही.

तिने वेग कमी केला; पंखा जेमतेम फिरेल एवढा. पण तो फिरत राहिला. वर केलेला हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. खाली, हिरव्या-काळ्या पाण्यात, कुठेतरी तो गोल पाषाण होता, आणि त्याच्या माथ्यावरून ऐंशी वर्षांत कदाचित पहिल्यांदा मशीनचा आवाज चालला होता. आण्णांची पाठ ताठ झाली होती. ते वाट बघत होते. कांचनला त्यांची ती वाट बघणारी पाठ दिसत होती, मानेवरचा सुरकुतलेला खळगा दिसत होता. एक खंड्या सुळक्यावरून उडाला आणि पाण्याला चोच लावून परत जाऊन बसला.

देऊळ मागे पडले. मोठे पाणी उघडले. ऊन बोटीत आले.

नारळ सोडायचा राहून गेला होता. तो आण्णांच्या मांडीवर होता आणि ते त्याच्याकडे बघत होते, जणू तो कोणी दुसऱ्यानेच तिथे आणून ठेवला होता. पलीकडचा धक्का आला. कांचनने बोट पायऱ्यांना लावली, मशीन बंद केले, उडी टाकून दोर कडीला अडकवला. मशीन थांबल्यावर जी शांतता झाली ती चाळीस सेकंदांहून बरीच लांब होती.

"कांचन."

ती दोराची गाठ आवळत होती.

"तुजं मशीन चालूच राहिलं."

"हो, आण्णा."

"पंखा फिरत व्हता. मी ऐकला." ते थांबले. म्हातारपणाने निवळलेले डोळे त्यांनी तिच्यावर रोखले. त्यांत राग नव्हता; राग असता तर तिला बरे वाटले असते. "काय झालं न्हाय."

तिने गाठ दुसऱ्यांदा घातली, जिची गरज नव्हती.

"तिनं काय केलं न्हाय तुला," आण्णा सावकाश म्हणाले. एकेक शब्द ते उंबऱ्यांच्या नावांसारखा, खाली कुठे आहे ते चाचपून, उच्चारत होते. "मग त्याला का करंल?" नारळ त्यांनी बाजूला ठेवला. "तू बघून आलीस. मला त्येवढंच सांग. त्या दिशी त्याचं मशीन चालू व्हतं, का बंद?"

चालू म्हटले तर मेलेल्या माणसावर तिसऱ्यांदा आळ आला असता, आणि तो या खेपेस तिच्या तोंडून. बंद म्हटले तर हा म्हातारा इथून उठला नसता. आणि दोन्हींच्या मध्ये चार सेकंद होते, ते फक्त तिचे होते. कागदावरची सही तिला आठवलीसुद्धा नाही.

वर, पायऱ्यांच्या टोकाशी, सहलीची माणसे उभी होती. कोणीतरी हात हलवत होते. कांचनने बोटीत वाकून बाकांवरची जॅकेटे एकेक करून हातावर घेतली. सहा झाली. आण्णांनी आपल्या अंगावरच्या जॅकेटाचा पट्टा मुठीत धरला होता आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने आपला चेहरा त्यांना क्षणभर बघू दिला; त्यावर जे होते ते लपवले नाही.

मग ती वळली, आणि ओल्या पायऱ्यांवर पाऊल जपून ठेवत वर चढून गेली.